ग्रँड ज्युरीसमोर जाण्याआधी

चि. अनिकेतस,
अनेक आशीर्वाद.

त्या रात्री रेस्टॉरंटबाहेर काय घडलं, ज्यावरून तुझ्यावर मारहाणीचा आरोप आला, हे मी या पत्रात विचारणार नाही. तूही उत्तरात लिहू नकोस, फोनवर सांगू नकोस आणि व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नको. मी कोल्हापूरच्या कोर्टात फौजदारी वकिली करते, पण मी तुझी वकील नाही. आई-मुलातलं बोलणं तिथलं कोर्ट गोपनीय मानेलच, असा भरवसा धरता येत नाही. हकिकत ऐकण्याचा हक्क सध्या एकाच माणसाचा आहे, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या तुझ्या वकिलांचा.

"मी ग्रँड ज्युरीपुढे जाऊन सगळं खरं सांगून टाकतो, म्हणजे प्रकरण तिथंच मिटेल," असं तू परवा म्हणालास, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू खोटं बोलशील म्हणून नाही रे. खरं बोलणारी माणसंच न तयारी करता बोलायला जातात आणि अडकतात, हे मी कोर्टात सतत पाहत आले आहे. म्हणून तुझ्या राज्याचा फौजदारी कायदा काढून बसले. जे समजलं ते लिहिते. शेवटचा शब्द मात्र तुझ्या वकिलांचा.

ज्युरी म्हटलं की आपल्याकडे नानावटी खटला आठवतो. मुंबईत १९५९ साली त्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी "दोषी नाही" म्हटलं होतं. ती खटल्याची ज्युरी. पुरावा पुढे आलेला, दोन्ही बाजूंचे वकील उभे, वर न्यायाधीश. ग्रँड ज्युरी याच्या कितीतरी आधी येते. तू दोषी आहेस की नाही, हे ती ठरवत नाही. फेलनीचा, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा, खटला तुझ्यावर चालवण्याइतका पुरावा सरकारकडे आहे का, एवढंच ती पाहते. ही पद्धत मूळची इंग्लंडची, आणि त्यांनी स्वतः ती १९३३ साली जवळजवळ मोडीत काढली. अमेरिकेने मात्र आपल्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीत ती लिहून ठेवली, कारण सरकारला मनात येईल त्याला खटल्यात ओढता येऊ नये. ती अट केंद्राच्या खटल्यांसाठी आहे, राज्यांवर बंधनकारक नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ साली कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात ठरवलं. त्यामुळे कित्येक राज्यांत न्यायाधीशासमोरच्या प्राथमिक सुनावणीवर भागतं. तुझ्या न्यूयॉर्कच्या स्वतःच्या घटनेत मात्र ग्रँड ज्युरी आहे. टेक्ससमधला तुझा मित्र काय सांगतो किंवा इंटरनेटवर केंद्राच्या खटल्यांबद्दल काय लिहिलंय, त्यावर विसंबू नकोस.

त्या खोलीत १६ ते २३ सामान्य नागरिक बसतात. निदान १६ हजर हवेत आणि १२ जणांनी होकार दिला की इन्डाइटमेंट होतं, म्हणजे रीतसर दोषारोप ठेवला जातो. एकमत लागत नाही. न्यायाधीश तिथे बसलेले नसतात. साक्षीदार आणणारा, प्रश्न विचारणारा आणि कायदा समजावून सांगणारा असा एकच माणूस तिथे असतो, डिस्ट्रिक्ट अॅटर्नीचा सहायक, म्हणजे आपल्या भाषेत सरकारी वकील. तुझ्या वकिलांना तिथे युक्तिवाद करता येत नाही, सरकारच्या साक्षीदारांची उलटतपासणीही घेता येत नाही. सगळं कामकाज गुप्त असतं. आणि "शंकेला जागा नको" ही कसोटी तिथे नाही. कायद्याने पुरेसा पुरावा आणि गुन्हा तू केलास असं मानायला वाजवी कारण, एवढं पुरतं.

आपल्याकडे तपास अधिकारी आरोपपत्र दाखल करतो आणि आरोपनिश्चितीआधी आम्ही दोषमुक्तीचा अर्ज देऊन न्यायाधीशापुढे तासभर भांडू शकतो. तिथे ही पहिली चाळणी नागरिकांच्या हातात दिली आहे, पण त्यांना बहुतेक वेळा एकच बाजू ऐकू येते. न्यूयॉर्कचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश सोल वॉक्टलर १९८५ साली म्हणाले होते, की सरकारी वकिलाने मनात आणलं तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचवरसुद्धा दोषारोप ठेवेल. म्हणून इन्डाइटमेंट झालं तर "आता संपलं" असं मनात आणू नकोस. त्याचा अर्थ एवढाच की खटल्याचं दार उघडलं. तुझे बाबा हे शब्द ऐकून खचतील, मी त्यांना आधीच समजावून ठेवते आहे.

देवयानी खोब्रागडेंचं प्रकरण तुला आठवत असेल, तेव्हा घराघरांत त्याचीच चर्चा होती. न्यूयॉर्कमधल्या आपल्या उपमहावाणिज्यदूत, मराठी घरातल्या. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना अटक झाली. तो केंद्राचा खटला होता, म्हणून त्यातली मुदतीची गणितं तुझ्यापेक्षा वेगळी. त्यांच्या वकिलांनी प्राथमिक सुनावणीची तारीख पुढे ढकलायला मागितली, ती मिळाली नाही, आणि ९ जानेवारी २०१४ रोजी ग्रँड ज्युरीने दोषारोप ठेवला. १२ मार्चला न्यायाधीशांनी राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर तो रद्द केला. इकडे लोकांनी सुटकेचा निश्वास टाकला, आणि दोनच दिवसांत दुसऱ्या ग्रँड ज्युरीने पुन्हा दोषारोप ठेवला! तेव्हा या टप्प्यावर एका बातमीने हुरळून जायचं नाही, आणि खचायचं तर नाहीच.

आता मुख्य गोष्ट, तू आत जाऊन बोलायचं की नाही.

न्यूयॉर्कचा कायदा आरोपीला ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देण्याचा हक्क देतो. तुला सरकारी वकिलाची नोटीस आली ती यासाठीच. तो हक्क हवा असेल तर तुझ्या वकिलांनी तसं लेखी कळवावं लागतं, आणि इन्डाइटमेंट दाखल होण्याआधी. हे पत्र त्यांनी पाठवलं का, एवढं आजच विचार. पाठवून ठेवलं म्हणजे जावंच लागतं असं नाही, नंतर माघार घेता येते. पण पाठवलंच नाही तर दार बंद होतं. पाठवूनही तुला संधी नाकारली गेली, तर इन्डाइटमेंटनंतरच्या पहिल्या हजेरीपासून पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. पाच दिवस म्हणजे काहीच नाही, म्हणून ही तारीख तूही लक्षात ठेव.

आत जायचं झालं तर आधी एका कागदावर सही करावी लागते. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देणाऱ्याला त्या विषयातल्या खटल्यापासून आपोआप संरक्षण मिळतं. तू आरोपी, म्हणून तुला ते आधी सोडून द्यावं लागतं. मग शपथ. सुरुवातीला तुला तुझं म्हणणं सलग सांगू देतील. त्यानंतर सरकारी वकील उलटतपासणी घेईल, ज्युरीतले लोकही त्याच्यामार्फत प्रश्न विचारतील. तुझे वकील शेजारी बसू शकतात, तुला सल्ला देऊ शकतात, पण हरकत घेऊ शकत नाहीत, तुझ्या वतीने एक शब्दही बोलू शकत नाहीत. स्टेनोग्राफर प्रत्येक शब्द टिपतो. पुढे वर्षभराने खटल्यात तू "बहुतेक साडेदहा वाजले असतील" म्हणालास आणि इथे "अकरा" म्हणाला होतास, तर तोच कागद तुझ्यासमोर धरला जाईल. त्यातच, त्यांच्याकडे कुठला व्हिडिओ आहे, कोणी काय जबाब दिला, हे बहुतेक तुला तेव्हा पूर्ण माहीत नसतं.

मग कुणी जातं का? जातात, आणि कधी कधी तेच बरोबर असतं. स्वसंरक्षणासारखा मुद्दा असेल आणि पुराव्यात त्याला आधार असेल, तर सरकारी वकिलाला ज्युरीला तो कायदा समजावून सांगावाच लागतो. असा आधार कधी कधी फक्त आरोपीच्या तोंडूनच पुढे येऊ शकतो. तुझ्या प्रकरणात तसं आहे की नाही, मला माहीत नाही आणि आज जाणून घ्यायचंही नाही. तुझ्या बाजूचा एखादा साक्षीदार ऐकावा, अशी लेखी विनंतीही करता येते, ऐकायचं की नाही ते ज्युरी ठरवते. खटल्यात साक्ष द्यायची की नाही, हे आरोपीने स्वतः ठरवायचं असतं. पण ग्रँड ज्युरीपुढे जायचं की नाही, हा डावपेचाचा निर्णय आहे आणि तो वकिलाचा, असं न्यूयॉर्कच्या सर्वात वरच्या कोर्टाने २०१६ साली सांगितलं आहे. वकील "नको" म्हणाले तर त्यांना तुझ्यावर विश्वास नाही, असा अर्थ काढू नकोस. मी त्यांच्या जागी असते तर बहुतेक वेळा मीही नकोच म्हटलं असतं.

ज्युरीने पुरावा अपुरा म्हटलं तर तो आरोप तिथंच फेटाळला जातो, आणि तोच पुन्हा ज्युरीपुढे न्यायचा तर सरकारला कोर्टाची परवानगी लागते. मधली वाटही आहे. फेलनी नको, मिसडिमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्हा, चालवा, असं ज्युरी सांगू शकते. इन्डाइटमेंट झालं तर प्रकरण सुप्रीम कोर्टात जाईल. न्यूयॉर्कमध्ये ते खटले चालवणारं कोर्ट आहे, तेव्हा नाव ऐकून दचकू नकोस. पुढे साधारण ४५ दिवसांत तुझे वकील अर्ज करतील, आणि ग्रँड ज्युरीपुढचं कामकाज न्यायाधीश स्वतः वाचून पुरावा पुरेसा होता का ते तपासतील.

त्याआधी कदाचित तडजोडीचा प्रस्ताव येईल, म्हणजे हलका आरोप कबूल कर आणि खटला मिटव. इथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तू थकला आहेस आणि "मिसडिमीनर घेऊन मोकळं होऊ" असं वाटणं साहजिक आहे. सेकंड डिग्री असॉल्टला, म्हणजे गंभीर मारहाणीला, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, थर्ड डिग्रीला, म्हणजे मिसडिमीनरला, ३६४ दिवसांपर्यंत. ३६५ नाही. परदेशी नागरिकांना एका दिवसापायी देशाबाहेर जावं लागू नये, यासाठी न्यूयॉर्कने २०१९ साली ही मर्यादा मुद्दाम एका दिवसाने कमी केली. पण तेवढ्याने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचा माणूस सुरक्षित होतो असं नाही. कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागण्याचा धोका आहे का, हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पडिया खटल्यात ठरवलं. तरी इमिग्रेशनचा वेगळा वकील गाठ आणि दोघांना एकमेकांशी बोलू दे. त्याआधी कशावरही सही नको. पैशांची काळजी करू नकोस, ठेव मोडली आहे. नोकरी गेली तर हाती साधारण ६० दिवस असतात, म्हणून ऑफिसला काय आणि किती सांगायचं हेही त्यांनाच विचार. आणि दिवाळीला इकडे यायचं तिकीट रद्द कर. जामिनाच्या अटी आहेतच, शिवाय एकदा देशाबाहेर पडलास की परत प्रवेश मिळेल याची खात्री नाही.

त्या जखमी मुलाला फोन करून माफी मागावी असं तुला वाटतंय, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं. तुझा स्वभावच तसा. पण कोर्टाचा संरक्षण आदेश आहे. मित्रामार्फत पाठवलेला निरोपसुद्धा त्याचा भंग ठरू शकतो आणि नवा गुन्हा अंगावर येईल. करू नकोस.

सोमवारी वकिलांशी बोलशील तेव्हा मला कॉन्फरन्स कॉलवर घे, असं मीच म्हणणार होते. मग वाचलं, की तिसरं माणूस ऐकत असलं तर वकील आणि अशिलामधल्या बोलण्याची गोपनीयता मोडू शकते. तेव्हा मी त्या फोनवर नसेन. मनात आलेले सगळे प्रश्न आधी कागदावर लिहून घे, त्यांना एकट्याने विचार, आणि झाल्यावर मला फक्त पुढची तारीख कळव. व्हिसाच्या मुलाखतीसाठी मी अर्ज केला आहे. मिळाला की त्या तारखेला कोर्टात तुझ्यामागच्या बाकावर बसायला येते.

तुझी,
आई