मिस्त्रीभाऊ, तुम्ही मोबाईल खिशात ठेवला त्याबद्दल

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

पैसे देताना तुमच्यासमोर बोलता आलं नाही, गळा भरून आला होता. म्हणून लिहितो.

बाबांचा पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन तुम्हाला दाखवण्याआधी तीन दारं झिजवली. भंगारवाल्याने पितळ किती निघेल तेवढंच विचारलं. संस्कृती जपणारे म्हणवणारे आले, फोटो काढून गेले, पुन्हा फोन नाही. शहरातल्या एका कारागिराने आठ महिने ठेवून घेतला. ६१ पट्ट्या, दोन ओळी, म्हणजे १२२ पितळी सूर, वाऱ्याने थरथरून वाजणाऱ्या जिभा. परत आले १०८. बाकीचे म्हणे खराब होते, फेकले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

वडसा, सिंदेवाही, नवरगाव, दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भाच्या आपल्या झाडीपट्टीत नाटकांना रात्र रात्र हाच ऑर्गन वाजला. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आटोपला की नाटकाचा मंडप भरायचा आणि पहाटेपर्यंत बाबांचे पाय थांबत नसत. बालगंधर्वांमागे हरिभाऊ देशपांडे ऑर्गन कसा वाजवत, हे ते आम्हाला जेवताना सांगत. मग कीबोर्ड आले आणि ऑर्गन पडवीत गेला. खोक्याला वाळवी, भात्याचं कापड उंदरांनी नेलं.

तुम्ही उघडून पाहिलं आणि सरळ सांगितलं, ‘खोकं गेलं, सूर जिवंत आहेत.’ खोटी आशा दाखवली नाही. एका बंद पडलेल्या नाटक मंडळाच्या ऑर्गनचा सांगाडा शोधून आणलात आणि आमचे सूर त्यात बसवायला घेतले.

सूर लावायला बसलात तेव्हा तुमच्या मोबाईलमध्ये सूर मोजायची सोय होती, मी पाहिली. बाबांची खाट ओसरीत होती. त्यांना आता धड दिसत नाही, गुडघे गेलेत. तुम्ही मोबाईल खिशात ठेवला, खाट जवळ ओढली आणि विचारलं, ‘मास्तर, पाहा बरं, हा लागून राहिला का?’

बाबा डोळे मिटून ऐकायचे. ‘पांढरी चार. जराशी उतरली आहे.’ तुम्ही सूर काढायचे, जिभेच्या टोकाशी अलगद खरवडायचे, पुन्हा बसवायचे. चढला जास्त, तर मुळाशी खरवडायचं. १०८ वेळा विचारलंत, भाऊ. दोन संध्याकाळी गेल्या. एकदाही घाई नाही, एकदाही ‘मला कळतं’ नाही. आठ वर्षांत बाबांना कोणी काही विचारलं नव्हतं. औषध घेतलं का, एवढंच आम्ही विचारत होतो.

माणूस चांगला असणं म्हणजे काय, ते मला त्या ओसरीत दिसलं. हातात कला असणारे पुष्कळ भेटले, पण दुसऱ्याच्या कानाला मान देणारे तुम्हीच.

१४ जागा अजून रिकाम्या आहेत. बाबा त्या पट्ट्या टाळून वाजवतात. मी खाली बसून हातांनी पायडल दाबतो, वर त्यांची बोटं चालतात. धानाची मळणी झाली की या, दोन दिवस राहायलाच या. ‘मिस्त्री कधी येते?’ असं ते रोज विचारतात.

तुमचा,
ऑर्गन मास्तरांचा मुलगा