लॅबचं कुलूप काढा

नीती आयोगाच्या योजनेतून २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने उपकरणं बनवून शिकायच्या प्रयोगशाळा, मिळू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. आमच्या लेकीच्या शाळेतली लॅब मात्र पाहुणे आले की उघडते. शेवटी तिने घरीच ईएसपी८२६६ बोर्ड (वाय-फायला जोडता येणारी छोटी सर्किट-पट्टी) आणि मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर आणून तुळशीच्या कुंडीत खोचला. मोबाइलवर आकडा काही येईना. दोन संध्याकाळी डोकेफोड केल्यावर उमगलं, राउटरचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर आणि हा बोर्ड ओळखतो फक्त २.४च्या! (बाबांना यातलं शून्य कळतं, हेही उघड झालं.) लॅबचे दोन तास आठवड्याच्या वेळापत्रकात धरावेत, आणि जळालेल्या सेन्सरचा जाब शिक्षकांना विचारू नये, एवढं शिक्षण खात्याने करावं.

– एक पालक, सातारा