नाकात नळी, हातात पुरीभाजी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर परळच्या फूटपाथवरच्या अन्नदानाचा चार कॉलमी फोटो पाहिला. एकसारखे टी-शर्ट घातलेले कार्यकर्ते, मागे बॅनर, त्यावर अध्यक्षांपासून खजिनदारांपर्यंत सगळ्यांचे चेहरे, आणि पुढे रांगेत बसवलेले पेशंट नि त्यांची माणसं. वर मथळा ‘माणुसकीचा झरा’. पाचव्या पानावर त्याच मंडळाची पाव पान जाहिरात होती, तो योगायोग असणार.

मी भोईवाड्यात राहते. असे फोटो कसे निघतात ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या वहिनींचा भाऊ गेल्या वर्षी वाशिमकडून टाटा हॉस्पिटलला आला, घशाचा कॅन्सर घेऊन. नेमक्या तेव्हा आमच्या खोलीत नातवाला कांजिण्या, आणि केमो चालू असलेल्या माणसाला त्यापासून लांब ठेवा असं डॉक्टरांनी बजावलेलं. धर्मशाळेत जागा होईपर्यंत नवरा-बायको फूटपाथवर ताडपत्रीखाली राहिली. वहिनींच्या भावाच्या नाकातून नळी घातलेली, चिकटपट्टीनं गालाला डकवलेली. तोंडानं पाण्याचा घोटही उतरत नव्हता.

एका गुरुवारी संध्याकाळी एका मंडळाची गाडी आली. (नाव घेत नाही, त्यांच्या पुण्याला गालबोट नको.) यांच्या हातात पुरीभाजीचं पाकीट, वर बुंदीचा लाडू. त्यांची बायको म्हणाली, “दादा, यायले खाता येत नाही. दुसऱ्या कोनाले द्या.” त्यावर उत्तर काय? “असू द्या हो काकू, फोटोपुरतं धरा. काका, जरा वर बघा!” मी शेजारीच उभी होते. काकांनी वर बघितलं. गाडी पुढे गेली, पाकीट त्यांच्या मांडीवर तसंच राहिलं.

रात्री तो फोटो मंडळाच्या स्टेटसवर, तिथून कुठे कुठे फिरत दोन दिवसांत यांच्या गावात. गावच्या सप्त्यात दरवर्षी पंगतीला वाढायला हा माणूस सगळ्यांच्या पुढे. त्याला भावकीतून फोन, “मुंबईत मागून खाता काय?” आजारापेक्षा त्या फोननं ते जास्त खचले. बोलता येत नव्हतं, म्हणून फोन बायकोच्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

त्यांना लागत काय होतं, ते कुणी विचारलंच नाही. डाळीचं पाणी, पातळ पेज, दूध, सगळं वाटून आणि गाळून, मोठ्या सिरिंजनं दर दोन-अडीच तासांनी नळीत सोडायचं. फूटपाथवर मिक्सर लावणार कुठे? मी घरून थर्मास भरून नेत होते, पण रात्रीचं काय? उकळलेलं पाणी कोपऱ्यावरचा चहावाला द्यायचा. त्यानं ना पैसे घेतले, ना जयजयकार करायला लावला. अंघोळीला आणि संडासला मात्र प्रत्येक वेळी सुट्टे पैसे मोजायचे. पुरीभाजी फुकट. ती गुरुवारी आणि सणावारी इतकी येते की उरलेल्या पत्रावळ्या नि द्रोण दुसऱ्या दिवशी सफाई कामगारांनी उचलायचे.

मी नास्तिक नाही, उगाच तसा समज करून घेऊ नका. गाडगेबाबांनी जी दहा कलमं सांगितली, त्यांत भुकेल्याला अन्न पहिलं आहे, मान्य. पण बेघराला आसरा आणि रोग्याला औषधोपचार हेही त्याच यादीत आहेत. पहिल्या कलमावरच सगळे का अडकतात? बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. पुढे दादरला त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत आमच्या पाहुण्यांना जागा मिळाली. झोपायला डोक्यावर छप्पर मिळालं आणि कुणी कॅमेरा काढला नाही. भायखळ्याला सांकळी स्ट्रीटवर मदर तेरेसांच्या सिस्टर्सचं ‘आशादान’ आहे, दादरच्या गुरुद्वारात लंगर आहे. देवाच्या नावानं नीट काम करता येतं, म्हणूनच जास्त चीड येते.

सरकारचं तर विचारूच नका. शहरी बेघरांच्या योजनेत लाख वस्तीमागे एक निवारा, किमान पन्नास माणसांचा, चोवीस तास उघडा, असं लिहिलंय. २०११च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे असायला हवेत. आपल्या वार्ताहरानं एकदा रात्री दोन वाजता फिरून प्रत्यक्षात किती आहेत ते मोजावेत आणि तोही आकडा चार कॉलमांत छापावा.

धर्माचा विषय निघालाच आहे, तर ‘धर्मादाय’ पाटी लावणाऱ्या रुग्णालयांचंही थोडं बोलू. १९५०च्या विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या ४१ कक कलमाखाली त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. परळला येण्याआधी आमचे पाहुणे अशाच एका ठिकाणी गेले होते. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “ते बेड भरलेत.” किती आहेत, कुणी भरलेत, फलक कुठे आहे, असं विचारल्यावर सिक्युरिटीला हाक मारली. लॉबीत गणपती मात्र संगमरवरी होता, दोन्ही बाजूंना समया.

तेव्हा विनंती एवढीच, की अन्नदानाचे फोटो छापायचेच असतील तर घेणाऱ्यांचे चेहरे झाका. देणाऱ्यांचे बॅनरवर आहेतच. आणि रोजच्या पानावर पंचांगाखाली चार ओळींची जागा निघत असेल, तर कुठल्या धर्मशाळेत आणि कुठल्या धर्मादाय रुग्णालयात आज किती खाटा रिकाम्या आहेत, ते द्या.

मागे चाळीच्या पुनर्विकासावर लिहिलेलं माझं पत्र तुम्ही निम्मं कापलंत आणि उरलेल्याचा अर्थ उलटा झाला. याही वेळी जागा कमी पडली, तर सौजन्याची वाक्यं काढलीत तरी चालेल.

आपली,
एक वाचक, भोईवाडा, परळ