मायल क्रीकचा ओढा

महोदय,

ऑस्ट्रेलियात बिंगारा ते डेलुंग्रा रस्त्यावर मायल क्रीक लागतो. गाडीतून जाताना नजरेतून सुटावा इतका साधा ओढा. १० जून १८३८ रोजी इथल्या गुरांच्या वाडीवर राहणाऱ्या विरायाराय आदिवासींपैकी किमान २८ जणांना, त्यात बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे, गुराख्यांच्या एका टोळीने दोरखंडाला बांधून नेऊन ठार केले. पहिल्या खटल्यात सगळे आरोपी निर्दोष. दुसऱ्यात सात जणांना फाशी. म्होरक्या जॉन फ्लेमिंग मात्र निसटला तो निसटलाच!

२००० साली उभारलेल्या स्मारकावरील पाट्या त्या आदिवासींच्या गमिलराय भाषेतही आहेत. दर जूनमध्ये मृतांचे आणि मारेकऱ्यांचे वंशज तिथे एकत्र येतात. सिडनीहून तिकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी तासभर थांबून त्या पाट्या जरूर वाचाव्यात. जूनमध्ये थंडी असते, स्वेटर न्यावा.

– एक वाचक, सिडनी