दहा मायक्रॉनांसाठी आभार

आदरणीय मॅडम,

बीमटाइम, म्हणजे क्ष-किरणांच्या झोतावर प्रयोगासाठी मिळालेली आमची वेळ, संपला तेव्हा आवराआवरीच्या गडबडीत तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. म्हणून हे पत्र.

दुसऱ्या रात्री आम्ही पुरते अडलो होतो. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये ऑलिव्हिन या खनिजाचा इवलासा नमुना, दाब 60 गिगापास्कल, म्हणजे पृथ्वीच्या पोटात सुमारे 1400 किलोमीटर खोल असतो तेवढा. दोन्ही बाजूंनी लेझर चालू होता. तापलेल्या ठिपक्याच्या उजेडाचा वर्णपट प्लांकच्या सूत्राशी (तापलेली वस्तू किती तापमानाला कसा उजेड देते, हे सांगणाऱ्या) जुळवला की तापमान 2200 केल्विन येत होतं. एवढ्या दाबाला आणि तापमानाला ऑलिव्हिनपासून ब्रिजमनाइट हे खनिज तयार व्हायलाच हवं. पण नमुन्यातून विखुरलेले क्ष-किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर त्याची पुसटशी खूण, बाकी सगळा गोंधळ. मी नमुन्यालाच दोष देत बसले होते.

तुमची शिफ्ट संपली होती, तरी तुम्ही थांबलात आणि एकच विचारलंत, "क्ष-किरण कुठे पडतायत, हे शेवटचं कधी पाहिलंत?"

मीठ आम्ही हिऱ्यांनी उष्णता ओढून घेऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना घातलं होतं. क्ष-किरण पडले की तेच मीठ उजळतं, हे तुम्ही कॅमेऱ्यावर दाखवलंत. तो उजळलेला ठिपका लेझरच्या ठिपक्यापासून दहा मायक्रॉन सरकला होता! केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतर, पण लेझरचा ठिपकाच जेमतेम वीस मायक्रॉनांचा आणि कडेकडे तापमान झपाट्याने उतरतं. आम्ही तापमान मोजत होतो मधलं आणि विवर्तन (विखुरलेल्या क्ष-किरणांची नक्षी, जिच्यावरून खनिज ओळखतात) घेत होतो काठावरचं.

मग दोन तास तुम्ही आम्हाला विवर्तनाचा एकही पॅटर्न घेऊ दिला नाहीत. पुढच्या बाजूचा लेझर, मागच्या बाजूचा लेझर, क्ष-किरण, वर्णपटमापकाचं छिद्र, चारही एका जागी आणवलंत. बीमटाइमचे दोन तास जाताना जीव तुटत होता, हे आज कबूल करते. पहाटे पुन्हा तापवलं आणि ब्रिजमनाइटची कडी स्पष्ट, ठिपक्याठिपक्यांनी उमटली. पृथ्वीतलं सर्वांत मुबलक खनिज, ज्याला 2014 साली उल्कापाषाणात सापडेपर्यंत अधिकृत नावही नव्हतं, ते मी पहिल्यांदाच घडताना पाहिलं.

आधीची सगळी मोजमापं मी बाद केली. आता माझ्या वहीत प्रत्येक तापवणीपुढे दोन रकाने असतात: ठिपक्यांमधलं अंतर, आधी आणि नंतर.

तुमची कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी