बाईची कला म्हणजे फक्त रांगोळी नव्हे

मा. संपादक,
स. न.

महिला दिनाच्या पुरवणीत आमच्या तालुक्यातल्या रांगोळी स्पर्धेचे फोटो आले, मुली हरखून गेल्या. पण आजच्या स्त्री चित्रकारांबद्दल त्या पानांवर एक ओळही नव्हती, हे मला फार खटकलं.

मी गावातल्या शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीसाठी स्मरणचित्राला, म्हणजे आठवून काढायच्या चित्राला, शेतातला प्रसंग दिला होता. एका मुलीने कापूस वेचणारी बाई काढली. चेहरा एवढासा, हात मात्र अर्धा कागद व्यापणारे, आणि बोंडांच्या टोकांनी उठलेले ओरखडे लाल पेन्सिलीने एकेक करून दाखवलेले. चित्रं पाहायला आलेल्या एका जाणकारांनी ‘प्रमाण चुकलं’ म्हणून ते बाजूला सारलं. पोरगी एवढंच बोलली, “मॅडम, माह्या मायचे हात असेच हायेत.” तिने प्रमाण मुद्दाम मोडलं होतं. असं करणाऱ्या नामवंत बायका आहेत, हे तिला कुठून कळावं?

कर्नाटकात जन्मलेल्या शीला गौडा १९९० च्या दशकात शेणाकडे वळल्या. शेण थापण्यात, सारवण्यात बाईचा जन्म जातो. त्याच शेणातून त्यांनी कलाकृती उभ्या केल्या. त्यांच्या दुसऱ्या एका कामात सुयांमध्ये ओवलेला लांबच लांब दोरा आहे, त्याला कुंकवाचा लेप. सुई, दोरा, कुंकू यातलं काय आमच्या घरात नाही? नवज्योत अल्ताफ तर गडचिरोलीला खेटून असलेल्या बस्तरात आदिवासी कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम करत आल्या. तिथे त्यांनी मिळून हातपंपांभोवती ‘नलपार’ बांधले. ते शिल्पही आहे आणि पाणी भरणाऱ्या बाईला भांडं टेकवायची सोयही, म्हणजे उचलताना कमरेवर ताण कमी. उन्हाळ्यात हातपंपावर रांग लावणाऱ्या आमच्या बायांना ही कला समजावून सांगावी लागणार नाही.

शकुंतला कुलकर्णींनी बाईच्या अंगासाठी वेताची चिलखतं विणली. ती रक्षण करतात आणि कोंडूनही घालतात. नलिनी मलानींचा जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणीची जखम त्यांच्या कामात पुन्हापुन्हा येते. अशी किती नावं सांगू!

मुंबईतली प्रदर्शनं आमच्या मुलींना परवडत नाहीत, पण आपलं वर्तमानपत्र शाळेत रोज येतं. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा तरी अशा एका चित्रकर्तीचं काम रंगीत आणि मोठ्या आकारात छापा. सोबत तिचं म्हणणं सोप्या मराठीत, आठवीच्या मुलीला कळेल असं. गडचिरोली-यवतमाळकडच्या चित्र काढणाऱ्या बायांकडेही आपला वार्ताहर पाठवा, आणि ‘छंद जोपासला’ एवढं लिहून त्याला परत येऊ देऊ नका.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ