मंत्रिमहोदय, तुमचे आठ दिवस कधी भरणार?

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

आपलं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझ्या यजमानांच्या शाळेचं नाही आणि त्यांच्या पेन्शनची फाईल अडली आहे त्या कार्यालयाचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

2024 च्या शिक्षकदिनाला आपण नाशिकला आला होतात. निवृत्त शिक्षकांचे सत्कार होते, त्यात माझे यजमान होते. इतिहासाचे मास्तर, जून 1991 ते जून 2023, एकच शाळा. शाल घालताना कुणीतरी आपल्या कानात सांगितलं की सरांचं पेन्शन वर्षभर अडकलंय. आपण तिथल्या तिथे माइकवर म्हणालात, "सरांची फाईल आठ दिवसांत निकाली काढा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

फेब्रुवारी 2025 मध्ये हे गेले.

गेल्या सोमवारी पत्र आलं. 'श्री. अमुक, सेवानिवृत्त सहशिक्षक यांस', म्हणजे ह्यांनाच. त्यात दोन मुद्दे. एक, 15 जून 1998 ते 30 एप्रिल 2000 या काळातल्या सेवेची सेवापुस्तकात नोंद दिसत नाही. दोन, निवडश्रेणी, म्हणजे वरची वेतनश्रेणी, चुकीने लागू झाली, सबब 2,84,316 रुपये वसूलपात्र आहेत. खाली ठळक अक्षरात, सात दिवसांत खुलासा सादर करावा. तुम्हाला आठ दिवस पुरले नाहीत साहेब, गेलेल्या माणसाला सात दिलेत.

ती दोन वर्षं कुठे गेली ते मी सांगते. 2008 च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला. शाळा नदीकाठची, तळमजल्यावर पाणी, रेकॉर्डची कपाटं भिजली. सेवापुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली. तेव्हाच ह्यांनी नोंदी पुन्हा करून मागितल्या होत्या. अर्जावर पोच आहे, शिक्का आहे, सही आहे. त्यावर पुढे काही झालं नाही एवढंच.

ह्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा कागदांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले सापडले. वर चिठ्ठ्या, 'लिखित साधने', 'भौतिक साधने'. घरच्या लाइट बिलांनासुद्धा साधनंच म्हणायचे. लिखित साधनांत एक पिवळा कागद निघाला, मतदान अधिकारी म्हणून नेमणुकीचा आदेश. सप्टेंबर 1999, लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या तेव्हाचा. त्यावर हुद्दा 'सहशिक्षक', शाळेचं नाव, सरकारचा शिक्का. हे नोकरीतच नव्हते तर सरकारने आदेश कोणाला काढला? कागद घेऊन मी कार्यालयात गेले. टेबलावरच्या माणसाने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हा निवडणूक शाखेचा कागद आहे. आमच्याकडे चालत नाही." म्हणजे सरकारचा कागद सरकारलाच चालत नाही! 2001 ची जनगणना ह्यांनी केली, 2011 ची केली, प्रत्येक निवडणुकीला रात्र रात्र पेटीजवळ बसले. कामाला बोलवताना मात्र तुमच्या सगळ्या शाखा एक असतात.

वसुलीचं म्हणाल तर 24 वर्षांच्या सेवेनंतरची निवडश्रेणी ह्यांनी खिशातून काढून घेतली नव्हती. तुमच्याच लोकांनी सह्या करून दिली. निवृत्त कर्मचाऱ्याकडून अशी वसुली करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 सालीच सांगितलंय. मी वकील नाही, मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं. तुमच्या खात्यात मोबाइल नसतील.

मी 41 फेऱ्या मारल्या. वहीत लिहिल्यात. जाऊन येऊन रिक्षाचे दीडशे धरा, सहा हजारांच्या वर गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद, गुडघा कामातून गेलेला. एकदा जिन्यातच बसले तर शिपाई म्हणाला, इथे बसू नका, साहेब येतायत. दवाखान्याच्या बिलासाठी पाटल्या मोडल्या. सराफ बाजारात ज्याच्याकडे गेले तो ह्यांचा विद्यार्थी निघाला. त्याने घट धरली नाही, वर चहा पाजला, आणि सर गेल्याचं कळल्यावर काट्यापाशीच रडला. त्या दुकानात ह्यांची नोंद होती, साहेब.

तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते ह्यांचा इतिहास कसा असायचा. सातवाहनांचा धडा आला की सकाळी माझ्या परातीतून कणकेचा गोळा पळवायचे. वर्गात त्यावर आधी एक नाणं दाबायचे, मग त्याच ठिकाणी दुसरं. पहिल्याची कड दुसऱ्याखालून डोकावते. मग सांगायचे, सिन्नरच्या बाजूला जोगलटेंभीला 1906 साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारला होता. हरलेला राजाही पुसला जात नाही, खाली दिसत राहतो. पोरं कणीक घरी घेऊन जायची. त्या दिवशी डब्यात पोळी कमी.

2 मार्चला वर्ग काळारामाच्या दाराशी. 1930 साली बाबासाहेबांच्या सत्याग्रहींना कुठे अडवलं ते तिथे उभं राहून सांगायचं, पुस्तकातून नाही. डिसेंबरात कान्हेरे आणि जॅक्सन. 1909 ची गोळी सांगायची, आणि मेलेला कलेक्टर संस्कृतचा पंडित होता हेही सांगायचं. त्यावरून एका पालकाने तक्रार केली होती. हे म्हणाले, दोन्ही खरं आहे, मी काय करू? वर्षाला दोनशे पोरं धरली तर सहा हजारांवर झाली, जास्तच.

आणि पांडवलेणी. तिसऱ्या नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राची एक आज्ञा कोरलेली आहे. त्याची आणि त्याच्या आईची, दोघांच्या नावे. गोवर्धनचा अमात्य श्यामक याला. भिक्षूंना आम्ही कखडी गावात शेत दिलं होतं, ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, तरी नगराच्या सीमेवरच्या आमच्या शेतातून शंभर निवर्तनं त्यांना द्या. खाली तारीख, वर्ष 24, पावसाळ्याचा चौथा पक्ष, दिवस पाचवा. दिलेलं दान कामाचं नाही हे कळल्यावर राजाने ते बदलून दिलं, आणि दगडावर दिवसासकट लिहून ठेवलं. आज मंत्री म्हणजे तुम्ही तेच, अमात्य. तुमच्याकडे संगणक आहे, 1998 सापडत नाही.

त्या दिवशी भाषणात आपण म्हणालात, रामशेजचा किल्ला अकरा वर्षं लढला. हे माझ्या शेजारी बसून चुळबुळत होते. "1682 ला वेढा पडला, साडेपाच-सहा वर्षं म्हणा फार तर." घरी येऊन रात्री तुम्हाला दोन पानी पत्र लिहिलं, त्या चुकीबद्दल. मी म्हटलं, अहो, खाली पेन्शनचं एक वाक्य टाका. म्हणाले, तो वेगळा विषय आहे, मिसळायचा नाही. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. त्या पत्रामुळेच फाईल अडली असं माझ्या मनात येतं कधी कधी. आणि तुमचं श्रीफळ घरी फोडलं तर आतून कुजकं निघालं होतं. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

आता म्हणतात, सगळा स्टाफ सिंहस्थाच्या कामात आहे, 2027 नंतर या. शहर सगळं उकरून ठेवलंय, माझी फाईलही त्या मातीखाली गेली असेल. इतिहासावरून तुमच्या सभा होतात, मोर्चे होतात, नावं बदलतात. शाळेत मात्र दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 मार्कांचा, आणि ज्या शिक्षकाचे तास भरत नाहीत त्याच्या गळ्यात इतिहास. गणिताचा मास्तर सनावळी पाठ करून घेतो. हे निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या वर्गांवर कोण आहे विचारलं, तर म्हणाले, पीटीचे सर बघतात. त्या सरांचं काय चुकलं? आणि पोरांचं काय चुकलं?

मला तीन गोष्टी हव्यात. ती नोंद करा, वसुली रद्द करा, फॅमिली पेन्शन चालू करा. आधीच्या थकबाकीचं बोला. सत्कार नको.

सोमवारी अकरा वाजता मी त्या कार्यालयात येते आहे. निवडणुकीचा आदेश, 2008 चा पोच घेतलेला अर्ज आणि मृत्यूचा दाखला, सगळ्याच्या दोन दोन प्रती. पाणी घरून आणेन.

आपली,
इतिहासाच्या मास्तरांची बायको,
सिडको, नाशिक

ता. क. वर 41 फेऱ्या लिहिल्यात. मुलाने वही मोजली, 38 भरतात, म्हणजे रिक्षाचे 5,700. दुरुस्ती करून घ्यावी.